कुंपणाची झडती : मेनफ्रेमचे सुपरवायझर कॉल आणि लेखापरीक्षणाचा अर्धवट इतिहास

१/ नोंदवहीत चोरी दिसत नाही, म्हणून चोरी झालीच नाही, असे म्हणता येईल काय? बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांचे हिशेब मेनफ्रेम संगणकावर गेले, त्याला आता सुमारे साठ वर्षे झाली. या साठ वर्षांत वरील प्रश्नाला बहुधा 'हो' असेच उत्तर गृहीत धरले गेले. हे गृहीतक किती पोकळ आहे, हे समजण्यासाठी अवघ्या दोन बाइटांच्या एका यंत्रसूचनेचा इतिहास पाहावा लागतो. #थ्रेड #संगणकाचा_इतिहास

२/ १९५० च्या दशकातील संगणकावर एका वेळी एकच आज्ञावली चाले. सारी स्मृती तिची, सारी यंत्रणा तिची. शेजारीच नाही, तर भांडण कोणाशी? पुढे यंत्रे वेगवान झाली. एखादी आज्ञावली चुंबकीय फितीची वाट पाहत थांबली की महागडा प्रोसेसर रिकामा बसे. तेव्हा अनेक आज्ञावल्या एकाच वेळी स्मृतीत ठेवण्याची पद्धत आली. तिच्याबरोबर शेजारधर्माचा प्रश्नही आला. एकीने दुसरीच्या घरात हात घातला, तर तो रोखायचा कोणी?

३/ डिसेंबर १९६२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात ॲटलस हा संगणक औपचारिकरीत्या सुरू झाला. त्यावरील 'सुपरवायझर' ही आज्ञावली आधुनिक अर्थाने पहिल्या कार्यप्रणालींपैकी एक मानली जाते. सामान्य आज्ञावलीने काम मागावे आणि सुपरवायझरने ते करून द्यावे, ही विभागणी तेथे स्पष्ट दिसते. 'एक्स्ट्राकोड' नावाच्या विशेष सूचनांमधून ही मागणी पुढे जात असे. मालक आणि भाडेकरू यांच्यातील भिंत येथे उभी राहू लागली.

४/ ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टीम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेड ब्रुक्स हे तिच्या रचनेचे प्रमुख शिल्पकार. या यंत्राच्या प्रोसेसरला दोन अवस्था होत्या : 'प्रॉब्लेम स्टेट' आणि 'सुपरवायझर स्टेट'. पहिल्या अवस्थेत सामान्य आज्ञावली चाले. दुसऱ्या अवस्थेत यंत्राची कोणतीही सूचना वापरता येई. या दोन अवस्थांमधला फरक प्रोसेसरच्या स्थितीशब्दातील एका बिटाने ठरे. शून्य असेल तर राजा, एक असेल तर प्रजा.

५/ स्मृतीलाही कुलपे होती. स्मृतीचे २,०४८ बाइटांचे भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागाला ० ते १५ यांपैकी एका क्रमांकाचे कुलूप असे. आज्ञावलीजवळच्या किल्लीचा क्रमांक जुळला तरच तिला तेथे लिहिता येई. शून्य क्रमांकाची किल्ली मात्र सर्व कुलपांना लागे. म्हणजे सुपरवायझर स्टेट आणि शून्य किल्ली या दोन गोष्टी ज्याच्या हाती, त्याला अडवणारे त्या यंत्रात कोणीच उरत नसे.

६/ मग सामान्य आज्ञावलीने फाइल उघडायची कशी? त्यासाठी 'सुपरवायझर कॉल' ही सूचना होती. तिचा पहिला बाइट सूचनेची ओळख सांगे आणि दुसरा बाइट हव्या असलेल्या सेवेचा क्रमांक, ० ते २५५. ही सूचना येताच यंत्र चालू आज्ञावलीची स्थिती ठरलेल्या जागी जपून ठेवी आणि सुपरवायझर स्टेटमध्ये कार्यप्रणालीच्या ताब्यात जाई. सेवा पुरी झाली की नियंत्रण पुन्हा मूळ आज्ञावलीकडे येई. ओएस/३६० मध्ये ठरलेला हाच शिरस्ता पुढे एमव्हीएसमध्ये आणि आजच्या झेड/ओएसमध्येही टिकला.

७/ या क्रमांकांची यादी म्हणजे कार्यप्रणालीचे संपूर्ण दरबारी कामकाजच. क्रमांक ० ने आदान-प्रदान सुरू होते, ४ ने स्मृती मिळते, १३ ने आज्ञावली अर्ध्यावर संपवली जाते, १९ ने फाइल उघडते, २० ने बंद होते, ३५ ने यंत्रचालकाच्या पडद्यावर संदेश जातो. बेरीज-वजाबाकी आज्ञावली आपल्या घरात करू शकते. बाहेरच्या जगाशी संबंध आला की तिला या दरवाजातूनच जावे लागते.

८/ गडाला एकच महादरवाजा असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणारा कारकून देवडीवर बसवावा, हे ओघानेच सुचते. संगणकातील लेखापरीक्षणाची मूळ कल्पना हीच. प्रत्येक सुपरवायझर कॉल नोंदवावा : कोणी मागितला, केव्हा, कशासाठी. मागाहून काही विपरीत घडल्याचे कळले तर वही उघडून पाहावी. कल्पना निर्दोष वाटते. तिचे काय झाले, हा पुढचा इतिहास आहे.

९/ पहिली अडचण गर्दीची. व्यग्र मेनफ्रेमवर दर सेकंदाला हजारो सुपरवायझर कॉल होतात. प्रत्येकाची कायम नोंद ठेवायची, तर यंत्र नोंदीच लिहीत बसेल. कार्यप्रणाली एक अल्पकालीन माग ठेवते खरा, पण ती यादी वर्तुळाकार असते. ती भरली की जुन्यावर नवे लिहिले जाते. आजार शोधण्यासाठी तो माग उपयोगी पडतो, खटल्यासाठी नाही. म्हणून कायमच्या वहीत काय जावे आणि काय जाऊ नये, याची निवड करणे भाग पडले.

१०/ ती कायमची वही म्हणजे 'सिस्टीम मॅनेजमेंट फॅसिलिटीज', संक्षेपाने एसएमएफ. तिचा जन्म सुरक्षेसाठी झाला नव्हता. कोणत्या विभागाने यंत्राचा किती वेळ वापरला आणि त्याच्याकडून किती आकार घ्यावा, हा जमाखर्च मांडण्यासाठी ती आली. मॅन-एक्स आणि मॅन-वाय अशा दोन वह्या आळीपाळीने भरत. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावे. साधन ज्या हेतूने निर्माण झाले, त्या हेतूबाहेरच्या प्रश्नांना ते अडखळत उत्तर देते. सारा धान्याची वसुली कळेल, पण उपाशी कोण राहिले ते वसुलीच्या कागदात क्वचितच सापडते.

११/ दुसरी अडचण अधिक खोल. २५६ क्रमांकांपैकी ० ते १९९ आयबीएमने स्वतःकडे ठेवले आणि २०० ते २५५ हे क्रमांक ग्राहकांना मोकळे सोडले. प्रत्येक बँकेच्या, प्रत्येक विद्यापीठाच्या गरजा वेगळ्या, म्हणून स्थानिक सेवा लिहिण्याची ही मुभा. हे काम 'सिस्टीम प्रोग्रामर' करत. गडाच्या तटाला छप्पन्न दिंडी दरवाजे पाडण्याची परवानगी मिळाली, आणि ते पाडणारे गवंडीच त्यांचे पहारेकरीही झाले.

१२/ यातून एक चमत्कारिक वस्तू जन्माला आली. अनेक ठिकाणी असा एक स्थानिक सुपरवायझर कॉल असे, की त्याचे काम एकच : जो कोणी बोलावील, त्याच्या आज्ञावलीला अधिकृत ठरवायचे. नियंत्रण-कोष्टकातील एक बिट चालू करायचा किंवा सरळ सुपरवायझर स्टेट देऊन परत पाठवायचे. लेखापरीक्षकांच्या बोलीत याला 'मॅजिक एसव्हीसी' असे नाव पडले. हेतू दुष्ट नसे. रोजच्या देखभालीच्या कामात वारंवार परवानगी मागण्याचा कंटाळा, एवढेच त्याचे कारण.

१३/ परिणाम मात्र भयंकर. यंत्राची सारी सुरक्षा ज्या भेदावर उभी, तो भेद दोन बाइटांत मिटे. ज्याला तो क्रमांक ठाऊक, तो राजा. काही ठिकाणी बोलावणाऱ्याने एका रजिस्टरमध्ये गुप्त अंक ठेवला असेल तरच दार उघडे. पण ती सेवा वापरणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीत तो अंक उघडाच पडलेला असे. कुंपणच शेत खाऊ लागले, तर राखणदाराने कोणाकडे पाहावे?

१४/ १९७३ मध्ये आयबीएमने एमव्हीएससंबंधी 'सिस्टीम इंटिग्रिटी'चे निवेदन प्रसिद्ध केले. अधिकार नसलेल्या आज्ञावलीला संरक्षण चुकवून जाता येऊ नये अशी रचना केली जाईल आणि तसे छिद्र सापडल्यास ते दुरुस्त केले जाईल, असा त्याचा आशय. त्या काळाच्या मानाने हे वचन धाडसी होते. पण ग्राहकाने स्वतः लिहून बसवलेल्या अधिकृत आज्ञावल्यांची जबाबदारी ग्राहकाकडेच राहिली. तटबंदीची हमी मिळाली, दिंडी दरवाजांची नाही.

१५/ प्रामाणिकपणे लिहिलेला कॉलही फसवला जाऊ शकतो, हे १९७४ मध्ये डब्ल्यू. एस. मॅकफी यांनी आयबीएमच्याच नियतकालिकात मांडले. सुपरवायझर सेवा मागणाऱ्याचे कागद तपासते. तपासणी आणि वापर यांच्यामध्ये क्षणाचा अवकाश असतो. कागद मागणाऱ्याच्याच स्मृतीत ठेवलेले असतील, तर त्या क्षणात ते बदलता येतात. देवडीवर परवाना दाखवला एकाचा आणि आत शिरला दुसराच. या दोषाला 'तपासणीची वेळ ते वापराची वेळ' असे नाव मिळाले. आजच्या संगणकांतही तो नव्याने सापडत असतो.

१६/ याच काळात अमेरिकी संरक्षण खात्यालाही हीच चिंता लागली होती. १९७० मध्ये विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला. ऑक्टोबर १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी हवाई दलासाठी दुसरा अहवाल लिहिला. त्यात 'रेफरन्स मॉनिटर' ही संकल्पना आहे. पहारा देणाऱ्या यंत्रणेला तीन कसोट्या लावल्या गेल्या : तिच्यात कोणाला ढवळाढवळ करता येऊ नये, प्रत्येक वेळी तिच्याकडूनच जावे लागावे आणि ती इतकी लहान असावी की संपूर्ण तपासता यावी.

१७/ मेनफ्रेमचे सुपरवायझर कॉल या कसोट्यांवर घासून पाहिले की दुखणे लगेच दिसते. ढवळाढवळ अशक्य? स्थानिक कॉल ती रोज करत होते. प्रत्येक वेळी तेथूनच जावे लागते? एकदा सुपरवायझर स्टेट मिळाली की पुन्हा दार वाजवण्याची गरजच नाही. लहान? शेकडो सेवा, त्याही असेंब्ली भाषेत, अनेक हातांनी अनेक वर्षांत लिहिलेल्या. तिन्ही कसोट्यांवर नापास, तरीही वही मात्र नीटनेटकी भरत होती.

१८/ लेखापरीक्षकांचा व्यवसाय या वेळी कोठे होता? १९७३ च्या वसंतात अमेरिकेत इक्विटी फंडिंग या विमा समूहाचा घोटाळा उघडकीस आला. सुमारे ६४,००० पॉलिसी निखालस बनावट निघाल्या. त्या पुढे पुनर्विमा कंपन्यांना विकल्याही गेल्या होत्या. त्या काळी वर्तमानपत्रांनी याला संगणकाचा गुन्हा म्हटले. वस्तुतः गुन्हा माणसांचा होता. संगणकाने छापलेला कागद खोटे बोलत नाही, या समजुतीने त्यांना आडोसा दिला. माजी कर्मचाऱ्याने तोंड उघडेपर्यंत वर्षानुवर्षांची लेखापरीक्षणे स्वच्छ होती.

१९/ त्यानंतर सुरक्षेची स्वतंत्र साधने आली. १९७६ मध्ये आयबीएमचे रॅकएफ, १९७८ मध्ये बॅरी श्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एसीएफ२. श्रेगर यांचा आग्रह असा, की फाइल मुळातच बंद असावी आणि परवानगी दिल्यावरच उघडावी. कोणी कोणती फाइल मागितली, कोणाला नकार मिळाला, हे आता एसएमएफच्या वहीत जाऊ लागले. ही प्रगती खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण रॅकएफची तपासणीसुद्धा सुपरवायझर कॉलमधूनच होत होती. पाया तोच राहिला.

२०/ एप्रिल १९८० मध्ये अँडरसन यांनीच आणखी एक अहवाल लिहिला. एसएमएफच्या नोंदींवरून गैरवापर कसा ओळखावा, हा त्याचा विषय. घुसखोरी ओळखण्याच्या आजच्या साऱ्या शास्त्राचा उगम तेथे दाखवला जातो. त्यांनी आतल्या गैरवापरकर्त्यांचे तीन प्रकार केले : दुसऱ्याचे सोंग घेणारा, स्वतःच्याच अधिकाराचा गैरवापर करणारा आणि गुप्तपणे वावरणारा. तिसऱ्याच्या हाती सुपरवायझरचा ताबा असतो किंवा तो मिळवण्याची शक्ती असते. नोंदी जेथे घेतल्या जातात, त्या पातळीच्या खालून तो चालतो.

२१/ म्हणजे नोंदींच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या माणसानेच तिची मर्यादा पहिल्या दिवशी लिहून ठेवली. सोंग घेणारा वहीत वेगळ्या सवयींवरून ओळखू येईल, अधिकाराचा गैरवापर कदाचित संख्येवरून कळेल, पण तिसरा वहीत दिसणारच नाही. अहवालाचा पहिला भाग पुढील पिढ्यांनी उचलला आणि त्यावर मोठे उद्योग उभे राहिले. हा इशारा मात्र अडगळीत पडला. ग्रंथाचे पूजन करायचे आणि त्यातील अवघड पान चिकटवून टाकायचे, ही रीत केवळ एका देशाची नव्हे.

२२/ वही कशी लिहिली जाते, हेही पाहण्याजोगे आहे. एसएमएफमध्ये नोंद घालण्याची सेवा म्हणजे सुपरवायझर कॉल क्रमांक ८३. कारकून ज्या देवडीवर बसला, त्याच देवडीतून त्याची वही आत जाते. कोणत्या प्रकारच्या नोंदी ठेवायच्या, हे एका मापदंड-फाइलीत ठरते. शिवाय आयईएफयू८३ नावाची एक स्थानिक जोडणी असते. ती नोंद लिहिली जाण्याआधी तपासते आणि हवी तर गाळूनही टाकते. तीही सिस्टीम प्रोग्रामरच लिहितो.

२३/ एक नोंद तर मोठी बोलकी आहे. वह्या भरल्या आणि नव्या नोंदींना जागा उरली नाही, तर त्या नोंदी नष्ट होतात. जागा झाली की 'मधल्या काळात इतक्या नोंदी गेल्या' असे सांगणारी प्रकार ७ ची नोंद पडते. आपल्या मौनाची कबुली देणारे साधन इतिहासात फार थोडे. लेखापरीक्षकाने सर्वांत आधी हीच नोंद वाचावी. मौन कोठे आहे ते कळल्याशिवाय उच्चाराचा अर्थ लागत नाही.

२४/ येथे मुख्य मुद्दा मांडला पाहिजे. लेखापरीक्षण दोन प्रकारचे असते : वहीचे आणि दाराचे. वहीचे लेखापरीक्षण 'काय झाले' असे विचारते. दाराचे लेखापरीक्षण 'काय होऊ शकते, आणि ते कोणाला करता येते' असे विचारते. गेल्या अर्धशतकात पहिले वाढले, कारण ते सोपे आहे. त्याचे अहवाल निघतात, रकाने भरतात, समित्या समाधानी होतात. दुसरे कठीण म्हणून मागे पडले. हा क्रम उलटा झाला पाहिजे. दाराची झडती आधी, वही नंतर.

२५/ दाराची झडती म्हणजे काय, हे गूढ नाही. स्मृतीतील सुपरवायझर कॉलचे कोष्टक घ्यावे. २०० ते २५५ मधील प्रत्येक भरलेल्या क्रमांकाचा मालक, हेतू आणि मूळ मजकूर मागावा. मजकूर नसेल तर यंत्रभाषेतून तो उलगडावा. बोलावणाऱ्याचा अधिकार तपासला जातो काय? दिलेले पत्ते बोलावणाऱ्याच्याच किल्लीने तपासले जातात काय? आयबीएमच्या क्रमांकांपुढील पत्ते मूळ जागीच आहेत, की मध्ये कोणी आपली आज्ञावली घुसवली आहे? या चार-पाच प्रश्नांत बहुतेक छिद्रे सापडतात.

२६/ एवढ्यावरही थांबता येत नाही. १९८० च्या दशकात 'प्रोग्राम कॉल' ही नवी सूचना रुळली आणि कार्यप्रणालीत शिरण्याची आणखी दारे तयार झाली. जुनी तपासणी-सूची हाती धरून केवळ सुपरवायझर कॉल मोजणारा परीक्षक महादरवाजावर उभा राहतो आणि मागची वाट मोकळी सोडतो. दारांची यादी दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते. यंत्र बदलते, यादी तीच राहते, आणि या दोहोंमधील अंतर चोराच्या कामी येते.

२७/ यावर पहिला आक्षेप असा : सिस्टीम प्रोग्रामर विश्वासू असतात. असतीलच. बहुसंख्य तसेच असतात. पण विश्वास ही माणसाची परीक्षा आहे, व्यवस्थेची नव्हे. सभासदाच्या बखरीत गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे समान दर्जाचे अधिकारी नेमण्याची पद्धत वर्णिली आहे. ते तिघे अविश्वासू होते म्हणून नव्हे, तर गड कोणा एकाच्या मनावर अवलंबून राहू नये म्हणून. दार पाडणारा, पहारा देणारा आणि वही लिहिणारा हे एकच असतील, तर त्या व्यवस्थेत प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही.

२८/ दुसरा आक्षेप कौशल्याचा : असेंब्ली वाचणारे आता उरले किती? १९९० च्या दशकाच्या अखेरीस इसवी सन २००० च्या तारीखदोषावर काम करताना मुंबई-पुण्याच्या कितीतरी अभियंत्यांनी परदेशी मेनफ्रेमवरील जुन्या आज्ञावल्या ओळीओळीने वाचल्या. त्यांतील बहुतेक मजकूर कोबोलचा होता, हे खरे. तरीही दुसऱ्याने टाकून दिलेला मजकूर चिकाटीने वाचता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. मोडी वाचणारेही कमी झाले आहेत. म्हणून कोणी दप्तरखाना बंद करा असे म्हणत नाही. लिपी शिकवा, असेच म्हणतात.

२९/ तिसरा आक्षेप : हा जुना इतिहास आहे. तसे नाही. २०१२ मध्ये स्वीडनमधील लॉजिका या कंपनीच्या मेनफ्रेममध्ये बाहेरच्यांनी शिरकाव केल्याचे उघड झाले. डेन्मार्कमध्ये पोलिसांची माहिती सांभाळणाऱ्या मेनफ्रेमचीही तीच गत झाली. पुढे दोन्ही देशांच्या न्यायालयांनी दोषींना शिक्षा सुनावल्या. मेनफ्रेम अभेद्य आहे, असे म्हणणाऱ्यांना तो धक्का होता. यंत्र मजबूत असते. त्याला पाडलेली दारे तितकी मजबूत असतीलच असे नाही.

३०/ पण या साऱ्याचे खरे मोल बँकेच्या तिजोरीपेक्षा न्यायालयात कळते. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून 'होरायझन' ही हिशेबप्रणाली आणली. ती मेनफ्रेमची कार्यप्रणाली नव्हे, पण प्रश्न तोच. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपपोस्टमास्तर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. मुख्य साक्षीदार एकच : संगणकाची नोंद. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे दिवाळे वाजले, कोणी गावात तोंड दाखवेनासे झाले, काहींनी जीव दिला.

३१/ शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणाला बदल करता येत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत होते. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रणाली पुरवणाऱ्या फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना दुरून, उपपोस्टमास्तराच्या नकळत, व्यवहार घालता येत होते. वही होती, वहीखालची वाटही होती. फरक इतकाच, की आरोपीला वही दाखवली गेली आणि वाट लपवली गेली. २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

३२/ भारतातही हा प्रश्न परका नाही. २००० मध्ये पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम आले. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यातील प्रमाणपत्राची आवश्यकता ठामपणे सांगितली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ त्या जागी आले. त्यात नोंदीचे हॅश-मूल्य आणि तज्ज्ञाची सही मागितली आहे. हे योग्यच आहे. पण हॅश इतकेच सांगते, की प्रत काढल्यानंतर मजकूर बदलला नाही. प्रत काढण्यापूर्वी त्या वहीपर्यंत कोणाचा हात पोचत होता, हे ते सांगत नाही.

३३/ म्हणून प्रमाणपत्रात आणखी एक प्रश्न असावा : या प्रणालीत नोंद न उमटवता बदल करण्याची शक्ती कोणाकोणाला आहे, आणि ती दारे शेवटची केव्हा व कोणी तपासली? 'संगणक नीट चालू होता' हे वाक्य या प्रश्नाचे उत्तर नव्हे. मॅजिक एसव्हीसी असलेला मेनफ्रेमही अगदी नीट चालू असतो. किंबहुना ती सेवासुद्धा सांगितलेले काम बिनचूक करत असते.

३४/ विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ, हा त्यांचा आग्रह. पुढच्या अभ्यासकांनी त्यापुढे पाऊल टाकले : कागद अस्सल असला तरी तो कोणी, कोणासाठी, कोणाच्या ताब्यात असताना लिहिला, हे विचारले पाहिजे. संगणकाच्या नोंदीला आज आपला समाज अस्सल कागद मानतो. साधनचिकित्सेची ही पुढची पायरी मात्र तिच्या वाट्याला अजून आलेली नाही.

३५/ १९६४ च्या त्या दोन बाइटांनी एक भेद निर्माण केला : मागणारा आणि देणारा. देणाऱ्याच्या बाजूला किती जण उभे आहेत, हे मोजणे म्हणजे सुपरवायझर कॉलचे लेखापरीक्षण. ते मोजल्यानंतरच वही उघडावी. अन्यथा स्वच्छ वही हा निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही आणि डागाळलेली वही अपराधाचा. पहिल्या चुकीची किंमत तिजोरी भरते. दुसऱ्या चुकीची किंमत एखाद्या गावातला पोस्टमास्तर भरतो. (समाप्त)